मुदत संपत आलेलं बिस्किट-पीठ: निपटाऱ्याच्या नोंदी

११ मार्च: साठा आणि वर्गवारी

इथे बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं कुरकुरीत बिस्किट नव्हे. अमेरिकी पद्धतीचा, यीस्टशिवाय फुगणारा मऊ पाव. त्याचं तयार पीठ चकत्या कापून पुठ्ठ्याच्या नळकांड्यात दाबून भरलेलं मिळतं आणि फ्रिजमध्येच ठेवावं लागतं.

फ्रिजमधला साठा: मोठे डबे ६ (प्रत्येकी ४६२ ग्रॅम, ८ चकत्या, म्हणजे चकती सुमारे ५८ ग्रॅम), छोटे डबे ४ (२१२ ग्रॅम, १० चकत्या, चकती सुमारे २१ ग्रॅम). मोठ्यांपैकी ४ डबे पदर सुटणाऱ्या चकत्यांचे, २ साध्या. छापील मुदत मोठ्यांवर १८ मार्च, छोट्यांवर २५ मार्च. फ्रिजचं तापमान मधल्या कप्प्यात ३ अंश सेल्सिअस, दाराच्या कप्प्यात ७. दारातले दोन डबे आधी आत हलवले. या पिठाला १ ते ४ अंश लागतात. दाराची उघडझाप त्याला मानवत नाही.

ठरवायचं आहे ते एवढंच की कुठला डबा आधी आणि कशासाठी. या पिठाची चव मुदतीच्या आसपास फारशी बदलत नाही. खर्च होत जाते ती फुगण्याची ताकद. पिठात खाण्याचा सोडा असतो आणि त्याच्या जोडीला सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट हे सावकाश काम करणारं आम्ल. डबा बंद झाल्यावर दोघांची थोडी क्रिया आतच होते. त्या कार्बन डायऑक्साइडने डब्यातली हवा बाहेर ढकलली जाते, पीठ झाकणांना घट्ट टेकतं आणि बुरशीला लागणारा ऑक्सिजन उरत नाही. बाकीचा सोडा भट्टीतल्या उष्णतेची वाट बघत थांबतो. डबा जितके दिवस पडून राहील, तितका हा राखीव साठा कमी होतो आणि शिवणीतून, म्हणजे पुठ्ठ्याच्या सांध्यातून, थोडा थोडा वायूही निसटतो. म्हणून उंच फुगायला हवेत असे पदार्थ आधी, सपाट पदार्थ नंतर. सगळे डबे नुसते भाजून ठेवायचा मार्ग सोपा, पण सहा डब्यांचे अठ्ठेचाळीस शिळे पाव कुणालाच नको असतात.

बाहेरून तपासणी. डबा बोटाने दाबला तर टणक लागावा, दोन्ही टोकांची पत्र्याची झाकणं किंचित बाहेर आलेली असावीत. हे बिघाडाचं लक्षण नाही, आतला दाब शाबूत असल्याची खूण आहे. बिघाड म्हणजे शिवणीतून पीठ किंवा चिकट पाणी बाहेर आलेलं, झाकण कडेने सुटलेलं, डबा आपोआप फुटलेला, किंवा आंबूस वास. असा डबा मुदत कितीही शिल्लक असली तरी थेट कचऱ्यात. याउलट दाबल्यावर पुठ्ठा आत जात असेल तर वायू निसटलेला आहे. आपल्या साठ्यात पदरांचा एक मोठा डबा असा मऊ लागला. कुठे ओल नाही, वास नाही. त्यावर 'सपाट' अशी चिठ्ठी लावली.

फ्रीझरचा पर्याय बाद. बंद डबा गोठवला तर पिठातलं पाणी प्रसरण पावून शिवण उकलू शकते, आणि वितळल्यावर पीठ पाणी सोडतं, फुगतही नाही. भाजलेला पाव मात्र उत्तम गोठतो. शेवटचा उपाय तोच.

१२ मार्च: पदरांचा एक मोठा डबा, साधा भाजून

संदर्भासाठी एक डबा अजिबात प्रयोग न करता. उघडण्याआधी डबा फ्रिजमधून थेट काढायचा. ओट्यावर अर्धा तास राहिलेला डबा कागद सोलतानाच फुटतो आणि बाहेरच्या चकत्या लांबट होऊन निघतात. तोंड स्वतःकडे न धरता कागद सोलावा. नुसत्या कागदाने उघडला नाही तर चमच्याची कड शिवणीवर दाबावी. सुरी वापरू नये, पाती पिठात घुसते आणि दाबाने उसळते. या दाबाने पूर्वीही बराच त्रास दिला होता: अशा डब्याचं पेटंट अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या लाइव्हली विलोबी यांना १९३१ साली मिळालं, त्याआधीच्या त्यांच्या प्रयोगांत डबे फुटतच होते.

भट्टी १७५ अंश, फिकट रंगाचा ट्रे, चकत्यांत ४ सेंमी अंतर. १५ मिनिटांत वरून बदामी. कच्ची उंची २ सेंमी, भाजल्यावर साडेचार. आतलं तापमान ९५ अंश. काळ्या ट्रेवर तळ तीन-चार मिनिटं आधी करपतो. तसाच ट्रे असेल तर भट्टी १६५ वर.

चकत्या एकमेकींना टेकवून ठेवल्या तर उंची जास्त आणि कडा मऊ. अंतर ठेवलं तर कडा खरपूस. टेकवून ठेवल्यावर मधल्यांना दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. वरचा रंग बघून काढलेली मधली चकती बहुतेक वेळा पोटात कच्चीच असते.

आणि पीठ कच्चं चाखायचं नाही. यात अंडं नसलं तरी मैदा कच्चाच असतो आणि कच्च्या मैद्यात साल्मोनेला किंवा ई. कोलाय हे आजाराचे जिवाणू असू शकतात.

१३ मार्च: दाट रश्श्यावर झाकण, पदरांचा एक मोठा डबा

२३ × ३३ सेंमीच्या खोल काचेच्या भांड्यात भाज्यांचं दाट सारण, साधारण १.३ किलो, वर ८ चकत्या. या प्रकारात नेहमी बिघडतं ते एकच: वर सुरेख बदामी, खाली ओला गोळा. चकतीच्या तळाला भट्टीची कोरडी हवा लागत नाही, तिथे फक्त सारणाची उष्णता पोचते. सारण कोमट असेल तर पीठ वाफेवर भिजत राहतं आणि शिजायच्या आत वरचा भाग करपायला लागतो.

उपाय तीन, आणि तिन्ही केले तरच खात्री. सारण गॅसवर खदखदतं असतानाच भांड्यात ओतायचं आणि लगेच चकत्या ठेवायच्या. चकत्यांमध्ये बोटभर फट ठेवायची, तिथून वाफ निघून जाते. आणि १९० अंशांवर १२ मिनिटं झाली की चकत्या पालथ्या करून आणखी ८ ते १० मिनिटं. पालथं घालताना त्या थोड्या बसतात, पण खालची बाजू कोरडी होते. दिसायला झाकण जरा ओबडधोबड; चवीला फरक नाही. थर्मामीटर चकतीच्या मध्यात खुपसून ९३ अंशांच्या वर आला की झालं.

सारणात मीठ नेहमीपेक्षा कमी घातलं. या पिठात मीठ बरंच असतं आणि सोड्याच्या क्षारांनी ते आणखी जाणवतं.

१४ मार्च: तोडून खायचा गोड पाव, साधे दोन मोठे डबे

एका वेळी दोन डबे संपवणारा हा सगळ्यात कामाचा प्रकार. १६ चकत्यांचे प्रत्येकी चार तुकडे, म्हणजे ६४. पिशवीत १०० ग्रॅम साखर आणि १ चमचा दालचिनी पूड घालून तुकडे थोडे थोडे टाकून हलवायचे. सगळे एकदम टाकले तर एकमेकांना चिकटून एकच लगदा होतो. मध्ये नळी असलेला पावणेतीन लिटरचा साचा, लोणी लावलेला. तुकडे आत हलक्या हाताने, दाबून नव्हे. १७० ग्रॅम लोणी आणि २०० ग्रॅम ब्राऊन शुगर एकत्र गरम करून, साखर विरघळली की वरून ओतायची.

१७५ अंश, ३८ मिनिटं. साच्याखाली ट्रे हवाच, कारण पाक उकळून बाहेर येतो आणि भट्टीच्या तळावर जळतो. पंचविसाव्या मिनिटाला वरून फॉइल, नाहीतर वरची साखर कडू होते. झालं की नाही हे वरच्या तुकड्यावरून कळत नाही. नळीजवळ, मधल्या थरात, दोन तुकड्यांच्या सांध्यात थर्मामीटर घालून बघावं. तिथे ८५ दाखवत असेल तर उरलेली सात-आठ मिनिटं खुशाल द्यावीत.

बाहेर काढल्यावर १० मिनिटं थांबून उलटा करायचा. लगेच उलटला तर पाक वाहून जातो आणि पाव ढासळतो. अर्धा तास थांबलं तर पाक साच्याला घट्ट बसतो. तसं झालं तर साचा पुन्हा भट्टीत पाच मिनिटं.

एक फायदा वेगळा नोंदवण्यासारखा. पायरोफॉस्फेटमुळे या पिठाला मागाहून किंचित धातूसारखी, जिभेला झोंबणारी चव असते. साध्या भाजलेल्या पावात ती कळते, जॅम लावला तरी पूर्ण जात नाही. जळती साखर आणि दालचिनी तिला पार झाकून टाकतात. तिखट पदार्थांत हेच काम चीज करतं.

१५ मार्च: तळण, छोटे दोन डबे

मुदत लांब असलेले छोटे डबे आताच काढण्याचं कारण म्हणजे तळणीला ताकदीचं पीठ लागतं. थंड, घट्ट गोळा तेलात गेला की बाहेरची कड लगेच आवळते; आतून वायू जोरात आला नाही तर तो दडस राहतो.

चकती ५ सेंमीची, मध्ये २ सेंमीचं भोक (क्रीमच्या नोझलचं मागचं तोंड चालतं). कापलेल्या चकत्या १० मिनिटं बाहेर झाकून ठेवाव्यात आणि फ्रिजमधून काढल्यावर वर जमलेले पाण्याचे थेंब टिपून घ्यावेत, नाहीतर तेल उडतं. कढईत तेलाची खोली किमान ५ सेंमी, तापमान १७५. एका वेळी चार. एका बाजूने एक मिनिट, दुसऱ्या बाजूने पाऊण ते एक. जास्त टाकल्या की तेल १६० च्या खाली जातं आणि पीठ तेल पितं.

हे पीठ तळताना यीस्टच्या पिठापेक्षा लवकर रंगतं, कारण क्रियेत न आलेला सोडा शिल्लक असेल तर तो अल्कधर्मी, आणि अशा पिठाला रंग झपाट्याने चढतो. म्हणून रंगावर भरवसा ठेवू नये. पहिली एक तोडून बघावी. मध्ये ओलसर, चकचकीत पट्टा दिसला तर आच कमी करायची. वेळ वाढवून उपयोग नाही. मोठ्या चकत्या तळायच्याच असतील तर दीड सेंमी जाडीपर्यंत दाबून, अडीच सेंमीचं भोक पाडून, १६५ ते १७० अंशांवर प्रत्येक बाजूने दोन मिनिटं. भोक न पाडता मोठी चकती तळू नये. बाहेर तपकिरी आणि आत कणीक, हे ठरलेलं.

भोकातून निघालेल्या गोळ्या ४०-५० सेकंदांत होतात. साखरेत घोळवणं तेल निथळल्यावर पण गरम असताना. गार झाल्यावर साखर धरत नाही.

१६ मार्च: 'सपाट' चिठ्ठीचा डबा

उघडताना आवाज झाला नाही, कागद सोलूनही शिवण बंदच. आतल्या चकत्या नेहमीपेक्षा बसक्या, टोकाकडच्या दोन करड्या. करडा रंग म्हणजे मैद्यातल्या कोंड्याच्या कणांमधल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) हवेत होणारं ऑक्सिडेशन. कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याच जातीची क्रिया. रंग सारखा पसरलेला, वास ताज्या पिठाचा, तर फक्त दिसण्याचा प्रश्न. ठिपके असतील, केसाळ असतील, हिरवट, काळपट किंवा गुलाबी असतील तर ती बुरशी किंवा जिवाणू. तेवढा भाग कापून बाकीचं वापरणं नाही, पूर्ण डबा टाकायचा.

या डब्यात तसं काही नव्हतं. सहा चकत्यांचे छोटे पिझ्झा. पदरांची चकती लाटण्याने लाटली तर पदर एकमेकांवरून सरकतात आणि एका बाजूला जाड होते. बोटांनी मधून बाहेर दाबत १२ सेंमीपर्यंत न्यावी. मागे ओढली गेली तर १० मिनिटं झाकून सोडावी, मैद्याचं ताणलेलं ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) सैल होतं. काट्याने टोचे, कड सोडून. सॉस चकतीला १ मोठा चमचा, जास्त नाही. १९० अंश, खालच्या फळीवर, १२ मिनिटं. फुगण्याची ताकद नसल्याचा इथे फायदाच झाला: ताज्या डब्याची चकती मध्ये फुगून टॉपिंग कडेला सांडते, ही सपाट राहिली.

दोन करड्या चकत्या तव्यावर. १ सेंमीपेक्षा जाड नको, मंद आच, झाकण ठेवून एका बाजूने चार मिनिटं, उलटून तीन. झाकण नसेल तर आत शिजत नाही. वॉफल मशीन हाताशी असेल तर त्याहून सोपं: मध्यम आचेवर तीन ते चार मिनिटं, दोन्ही बाजूंनी उष्णता लागत असल्याने कच्चं राहण्याचा प्रश्नच येत नाही, आणि दमलेल्या पिठाला कुरकुरीत कडा मिळतात. या सगळ्या साठ्यात एकच यंत्र वापरायचं असेल तर मी तेच निवडेन.

१८ मार्च: मोठ्यांची मुदत आज, शेवटचा पदरांचा डबा

छापील तारीख दर्जाची असली तरी डब्यातल्या पिठाला ती मर्यादाच मानलेली बरी. मोठा डबा यापुढे ठेवला नाही.

चकत्या आडव्या सोलून प्रत्येकीचे दोन भाग केले, १६ पातळ पाऱ्या निघाल्या. ८ खाली, मध्ये एक मोठा चमचा कोरडं सारण, ८ वर, कडा काट्याने दाबून. कडेला सारणाचा ओलावा लागला तर सांधा सुटतो, म्हणून कड अर्धा सेंमी कोरडी ठेवून तिला पाण्याचं बोट. वरून दोन चिरा. १८० अंश, १४ मिनिटं. चिरा नसल्या की वाफ कडेनेच वाट काढते.

२० मार्च: उकडलेले गोळे, छोटा एक डबा

हा डबा उघडला तेव्हा चकत्यांभोवती मधासारखा चिकट द्रव. मैद्यातले अरबिनोझायलन नावाचे तंतुमय घटक भरपूर पाणी धरून ठेवतात. विकरं दिवसेंदिवस त्यांचे तुकडे करतात आणि धरलेलं पाणी सुटतं. वास चांगला असेल तर पीठ वापरता येतं, पण लाटायला आणि तळायला निरुपयोगी. रश्श्यात सोडायला मात्र चालतं, ओलावा तिथे आपोआप मिसळून जातो.

पृष्ठभागावर काचेच्या चुऱ्यासारखे बारीक पारदर्शक खडेही होते. फॉस्फेटचे स्फटिक थंडीत असे तयार होतात. खात्री करायला एक खडा कोमट पाण्यात टाकून ढवळायचा. विरघळला तर स्फटिक. विरघळला नाही तर डबा बाद. आमचा विरघळला.

१० चकत्यांचे प्रत्येकी चार तुकडे, कोरड्या मैद्यात घोळवून. रुंद पातेल्यात सव्वा लिटर पातळ रस्सा, आच अशी की बुडबुडे कडेलाच यावेत. तुकडे एकेक सोडायचे, एकाच थरात. झाकण घालून १३ मिनिटं, पहिली १० मिनिटं झाकण उचलायचं नाही. वरचा अर्धा भाग वाफेवर शिजतो. जोरात उकळलं तर बाहेरचा थर सुटून रस्सा खिरीसारखा दाट होतो. तुकडे दुप्पट होतात, त्यामुळे पातेलं अर्धंच भरलेलं हवं. पदरांच्या चकत्या या कामाला घेऊ नयेत, रश्श्यात पापुद्रे सुटे होतात.

२२ मार्च: शेवटचा छोटा डबा

सहा चकत्या मफिनच्या साच्यात वाटीसारख्या दाबून, कडा साच्याच्या काठाच्या थोड्या वर. तळ जाड राहिला तर ओला राहतो, तळाशी ३ मिमीच ठेवावं. आत फेटलेलं अंडं आणि चीज, पिठाची वाटी पाऊण भरेल एवढंच. १८० अंश, १६ मिनिटं.

उरलेल्या चार एकत्र मळून २ मिमी जाड लाटल्या, काट्याने दाट टोचून चौकोन कापले. १७५ वर १० मिनिटं, मग १२० वर आणखी २० ते २५, पूर्ण वाळेपर्यंत. दुसरी फेरी चुकवली तर दुसऱ्या दिवशी चामट होतात. हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात.

२३ मार्च: भाजलेल्यांची साठवण

१२ तारखेच्या पावांपैकी चार त्याच दिवशी पूर्ण गार करून गोठवले होते. प्रत्येक वेगळा फॉइलमध्ये, मग सगळे एका पिशवीत, हवा दाबून काढलेली, वर तारीख. कोमट असताना गुंडाळले तर आत बर्फ धरतो आणि गरम करताना तळ भिजतो. उणे १८ अंशांवर दोन महिन्यांपर्यंत चव चांगली राहते. आज दोन काढून फॉइलसकट १६० अंशांवर १२ मिनिटं, शेवटची दोन मिनिटं फॉइल उघडून. मायक्रोवेव्हमध्ये मऊ होतात खरे, पण पाच मिनिटांत रबर.

१३ तारखेच्या झाकणातल्या उरलेल्या दोन चकत्या फ्रिजमध्ये होत्या, पण दहा दिवस झाल्याने त्या टाकल्या. भाजलेला पाव फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत संपवावा किंवा सरळ गोठवावा. कडक झालेला पण वेळेत हाती आलेला पाव असेल तर २ सेंमीचे तुकडे, चमचाभर तेल, १५० अंशांवर २० ते २५ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. सूपवर घालायला चांगले. अगदीच चुरा झाला तर कोरडा करून बरणीत, कटलेटच्या वरच्या थराला.